तेल घालून बघ

तुम्ही जाऊन अजून महिना झाला नाही, आणि गल्लीतल्या बायका मला शिकवायला लागल्यात की गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये. तुम्ही जिवंत असताना ह्याच बायका तुमचा आवाज ऐकला की दार लावून घेत होत्या. आता त्यांना तुम्ही देवमाणूस वाटता. मला वाटत नाही. मी तुमच्याविषयी जे तोंडावर बोलत होते तेच आताही बोलणार आहे. मेलात म्हणून गोड बोलायला लागले तर पहिला संशय तुम्हालाच येईल. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. भांडण मधेच टाकून उठून जायची तुमची जुनी खोड, ती शेवटपर्यंत गेली नाही.

तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. गाव तुम्हाला मिस्त्री म्हणायचं, मीही मिस्त्रीच म्हणायची, आणि आता कागदावरही नाव लिहायला हात धजत नाही. माझ्या बापानं मला मुलींच्या शाळेत घातलं होतं म्हणून हे लिहिता येतंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणून मी प्रत्येक ओळ लिहिताना मोठ्यानं म्हणते आहे. शेजारीण परवा कुडावरून डोकावून गेली. तिला वाटलं मला वेड लागलं.

सासरे बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. महाराजांच्या राज्यात मोटारी आल्या त्या आधी राजवाड्यावर, मग इनामदारांकडे, मग इथं शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांकडे. तुम्ही भाता सोडून एका पारशी मिस्त्रीच्या हाताखाली गेलात, आणि जन्मभर मोटारीखाली उताणे पडलात. सासऱ्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही त्यांच्या अंगणातच पत्र्याची शेड ठोकलीत, म्हणजे त्यांना रोज दिसावं. असा तुमचा स्वभाव. कुणाचं मन दुखावलं तर आपण बाजूला होतो. तुम्ही जवळ जाऊन बघत होतात की नीट दुखावलंय का.

परवा उचगावहून वन्सं पुन्हा आल्यात. तुमच्या सख्ख्या बहिणीनं मला विचारलं, "वैनी, दादा मोटारीत बोट घालून काय बघायचा गं?" मग मी तिला सांगत बसले. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात पिस्टन वर येतो आणि आतली हवा दाबतो. तो दाब चांगला असला की गाडी पळते. दाब गळायला लागला की गाडी चढावर रडते. कोणता सिलिंडर गळतोय हे बघायला एकानं पुढून हँडल फिरवायचं आणि दुसऱ्यानं प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. सिलिंडर धडधाकट असला तर हवा अंगठा उडवून लावते. मेलेला असला तर नुसती फुंकर लागते. वन्सं म्हणाल्या, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. ह्या एवढ्याशासाठीच तुमचा दादा गेला.

तुमची रीत ठरलेली. इंजिन तापलेलं पाहिजे, कारण थंड इंजिन खोटं बोलतं असं तुम्ही म्हणायचात, आणि ते खरंच आहे. डोळे मिटलेले. आजूबाजूला कुणी खोकायचं सुद्धा नाही. मग एकेका भोकावर अंगठा, आणि मयताची बातमी सांगावी तसा तुमचा आवाज. पैला बरा हाय. दुसरा बरा हाय. तिसरा गेला. गाडीचा मालक समोर घाम पुसत उभा असायचा आणि तुम्हाला त्यात मजा वाटायची, हे मी पाहिलंय. अंगठा उडाला की तुम्ही हसायचात, आणि नुसती फुंकर लागली की जास्त हसायचात.

हाताखालची माणसं तुमच्याकडे टिकली नाहीत. हँडल धरताना एकानं अंगठा दांड्याभोवती गुंडाळला, तर तुम्ही पान्यानं त्याच्या बोटांवर मारलंत. हँडल धरायचं ते पाचही बोटं एका बाजूला ठेवून, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर गुंडाळलेला अंगठा मनगटासकट मोडतो. तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण तो माणूस पाना लागला म्हणून रडत गेला, आणि तुम्ही त्याच्या मागून ओरडलात, की माझ्या पान्यानं बोट सुजंल, मोटारीनं हात जाईल, जा, आता मोटारीकडं जा. मग एक दिवस शेडमध्ये तुम्ही एकटेच उरलात. दारात गुळाच्या व्यापारी अण्णांची मोटार उभी आणि हँडल फिरवायला कुणी नाही. तुम्ही मला हाक मारलीत. मी जात्यावर बसले होते. पिठाच्या हातानं आले. तुम्ही म्हणालात, जातं फिरवतीस तसंच, फक्त उभं.

तेव्हापासून मी तुमचं हँडल झाले. माणसांसमोर तुम्ही मला हँडलच म्हणायचात. "आमचं हँडल जेवायला गेलंय, दम धरा पावणं." लोक हसायचे. मीही आधी हसायची, मग हसायची बंद झाले, पण तुमच्या ते लक्षात आलं नाही.

तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत ते मी आता सांगते. हँडलालाही कळतं. प्लग सगळे आत ठेवून हँडल हळू फिरवलं की प्रत्येक सिलिंडर हाताला अडतो. चांगला असला तर घट्ट अडतो, दंड भरून येतो. मेलेला असला तर हात मधेच मोकळा सुटतो, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसा. तुमचा अंगठा सांगायच्या आधी माझ्या दंडाला कळलेलं असायचं. मी सांगायची. तुम्ही म्हणायचात, हँडल बोलत नसतं. मग अंगठा लावून तुम्ही तेच सांगायचात आणि मालक तुमच्या पाया पडायचा.

अण्णांचा ड्रायव्हर दस्तगीरभाई एकदा मिरजेहून नवी युक्ती शिकून आला. गळणाऱ्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचं आणि पुन्हा दाब बघायचा. दाब वाढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात, कारण तेल पिस्टनच्या कडेनं बसतं आणि फट बुजवतं. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा, हवा आतबाहेर सोडणाऱ्या झडपेचा. भाबडेपणानं सांगत होता बिचारा, तुम्हाला उपयोग होईल म्हणून. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर म्हणालात, "तेल टकुऱ्याला लाव. ज्याला अंगठा न्हाय त्यानं तेल घालावं." दस्तगीरभाईनं मान खाली घातली. मला युक्ती पटली होती, मी तसं बोलले, आणि त्या दिवशी तुम्ही माझ्या हातचं जेवला नाहीत.

सगळं असंच होतं असं नाही. उचगावच्या रस्त्याला एकदा तुम्ही मला मोटारीत घालून नेलंत. गाडी दुरुस्त झाली की फिरवून बघावी लागते, म्हणून. मी पदर दातात धरून मागे बसले होते. दोन्ही बाजूंना ऊस, आणि आपल्याला बघून बैलं बुजत होती. तुम्ही गाडी थांबवलीत, इंजिन चालूच ठेवलंत, मागे वळलात आणि विचारलंत, काय म्हणतंय? मी ऐकलं आणि सांगितलं की चौथ्याला आवाज येतोय, बारीक. तुम्ही खाली उतरलात, इंजिनावरचं टोपण उघडलंत, बराच वेळ वाकून राहिलात. परत येऊन म्हणालात, "कान हाईत तुला." एवढंच. संसारात तुम्ही माझं कौतुक केलंत ते तेवढंच, आणि मी त्यावर किती वर्षं काढली हे सांगायला मला लाज वाटते.

मूल झालं नाही तेव्हा सासऱ्यांनी अबोला सोडून निरोप पाठवला की दुसरी कर. तुम्ही निरोप आणणाऱ्याला म्हणालात, "दुसरी हँडल फिरवंल का?" गल्लीत बायका ते सांगून सांगून हसल्या. मला दोन दिवस तोंड दाखवायची चोरी झाली. आता वाटतं, तुमच्याकडं याहून दुसरी भाषाच नव्हती. पण हे मी तुम्हाला माफ करायला म्हणत नाही. भाषा नव्हती तर शिकायची होती. मोटार शिकलात तशी.

मग तो झटका. आतला खटका ओढून ठिणगीची वेळ मागं घेतल्याशिवाय हँडल मारायचं नसतं, नाहीतर इंजिन उलटं फिरतं. हे जगाला शिकवणाऱ्या माणसानं ठिणगी पुढेच ठेवली, आणि अंगठा दांड्याभोवती गुंडाळला. तुम्हाला कुणाशी तरी बोलता बोलता मान वळवून स्टार्ट करून दाखवायचं होतं. हाडाचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. तालमीतल्या वस्तादांनी मनगट ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि तुम्ही त्यांच्यासमोर हूं की चूं केलं नाहीत. हाड जुळलं. तुम्ही पुन्हा कामाला लागलात आणि त्या झटक्याचं नाव काढायचं नाही असा शेडमध्ये नियम झाला.

मला पहिल्यांदा कळलं ते तव्यापाशी. मी भाकरी उलटायला लागले तर तुम्ही घाईनं स्वतःच उचललीत, अंगठा तव्याला टेकला, आणि टेकलेलाच राहिला. तुम्ही बोलत होतात. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा मी तुमचा हात ओढला. तुम्ही अंगठ्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, कामाचा हात हाय, बायकांसारखा मऊ न्हाय. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं. तुम्हाला ठाऊक होतं. अंगठा त्या झटक्यात मेला होता आणि तुम्ही तो जिवंत असल्यासारखा मिरवत होतात.

त्यानंतर तुमचे निकाल चुकायला लागले. एकदम नाही. दाब अगदीच चांगला असला तर अंगठा उडायचा आणि तुम्हाला डोळ्यांनी दिसायचं. पण थोडं गळणं आणि जास्त गळणं ह्यातला फरक तुम्हाला लागेना. तुम्ही अंदाज करत होतात. मी प्रत्येक वेळी सांगितलं. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणालात, हँडल बोलत नसतं. चुकीचा सिलिंडर उघडायचात, आत सगळं ठीक निघायचं, मग शिव्या देत दुसरा उघडायचात. शिव्या गाडीला, मालकाला, आणि उरल्या तर मला.

शेवटची गाडी अण्णांची. अण्णा जैन, मुंगी मारत नाहीत, आणि तुमच्या जिभेला घाबरून असायचे. गाडी चढावर चालेना. दस्तगीरभाई घेऊन आला, इंजिन भट्टीसारखं तापलेलं. मी हँडल फिरवलं. पहिला अडला, दुसरा अडला, तिसऱ्याला हात मोकळा सुटला. मी म्हटलं, तिसरा, आणि सुटतोय त्यावरून व्हॉल्व्ह. तुम्ही डोळे मिटून अंगठा लावलात. दुसऱ्यावर जरा जास्तच वेळ ठेवलात, बघणाऱ्यांना खात्री वाटावी म्हणून. डोळे उघडून म्हणालात, "दुसरा गेलाय. रिंगा." त्या दुसऱ्या भोकावर तुमच्या अंगठ्याचं कातडं चिकटून राहिलं होतं. मी ते नखानं काढलं. तुम्ही बघितलं नाहीत, किंवा न बघितल्यासारखं केलंत.

तुम्ही त्या जखमेवर हळद भरलीत आणि वरून गाडीचं वंगण फासलंत. अंगठा काळा पडला, मग सुजला, मग मनगटाकडे लाल रेघ निघाली. दस्तगीरभाईनं तुम्हाला जबरदस्तीनं टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आज अंगठा काढला तर माणूस राहील, थांबलात तर हात काढावा लागेल, आणखी थांबलात तर माझ्याकडे येऊ नका. तुम्ही उठून आलात. वाटेत टांगेवाल्याला सांगत आलात म्हणे की डॉक्टरला मोटारीतलं काही कळत नाही. घरी येऊन मला म्हणालात, "माझ्या अंगठ्यात जान हाय. अंगठा गेल्यावर मिस्त्री कशाला म्हनतील मला?"

मी हातापाया पडले. पडले, हे कबूल आहे, आणि आयुष्यात तेवढ्या एकदाच पडले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

मग जे केलं ते सांगते, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुम्हीच सांगत होतात की अंगठ्यात जीव आहे. तर बघू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि दस्तगीरभाई तुम्हाला समजवायला आले. तुम्ही त्यांना हिणवत शेडमध्ये नेलंत. बघा, म्हणालात, अंगठा काम करतो का नाही ते बघा. फडकं सोडलंत. त्या अंगठ्याकडे बघून अण्णांनी तोंड फिरवलं. तुम्ही तिसऱ्याचा प्लग काढलात, तो काळा अंगठा भोकावर दाबलात, डोळे मिटलेत, आणि मला हुकूम सोडलात, "फिरव."

हँडल आत दाबल्याशिवाय ते इंजिनाला धरत नाही. नुसतं फिरवलं तर कुरकुरतं, खुळखुळतं, फिरतं, आणि इंजिन जागचं हलत नाही. मी ते आत दाबलं नाही. बाहेरच्या बाहेर फिरवलं. इंजिन मुर्दाड उभं होतं. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत आणि म्हणालात, "हां. दाब हाय. चांगला हाय ह्यो. म्या सांगितलं न्हवतं, तिसऱ्याला कायबी झाल्यालं न्हाय?"

मी हँडल काढलं आणि तुमच्या पायाशी ठेवलं. मी म्हटलं, "इंजिन फिरलंच न्हाई. म्या आत दाबलंच न्हवतं. मेलाय तुमचा अंगठा. कापून टाका."

दस्तगीरभाई रडला. तुम्ही अंगठा भोकावरून काढलाच नाहीत, तसेच उभे राहिलात, आणि मग अगदी हळू म्हणालात, भायर व्हा. सगळे बाहेर झालो. दस्तगीरभाई मला म्हणाला, भाभी, चारचौघांत नको होतं. मी विचारलं, एकट्यात सांगितलं असतं तर मिस्त्रींनी ऐकलं असतं का? त्यानं वाकून वहाणा शोधायला घेतल्या. तो भला माणूस आहे, त्याला खोटं बोलता येत नाही.

मला वाटलं होतं की आता तरी तुम्ही दवाखान्यात जाल. मेलेला अंगठा कापायला काय हरकत? उलट तुम्ही दार लावून घेतलंत. माझ्याशी बोलणं टाकलंत, सासऱ्यांनी तुमच्याशी टाकलं होतं तसं. पाणी दस्तगीरभाईच्या हातून प्यालात, माझ्या हातून नाही. लाल रेघ कोपरापर्यंत गेली, मग काखेत गाठ आली, मग ताप चढला.

मिस्त्री, ह्याचाच मला राग आहे आणि तो जाणार नाही. नऊ बोटांनी तुम्हाला जगता आलं असतं. अंगठ्याची गरजच नव्हती. माझा दंड होता. मी हँडल फिरवलं असतं, तुम्हाला सांगितलं असतं की अमका गेला, आणि तुम्ही डोळे मिटून मालकाला सांगितलं असतंत की अमका गेला. कुणाला कळलं असतं? मी कुणाला सांगितलं असतं का? तुम्हाला हे सुचलं नाही असं नाही. तुम्हाला ते नको होतं. बायकोच्या हातावर चालण्यापेक्षा तुम्ही मरण पसंत केलंत. लोक म्हणतात विष चढलं. मी बघत होते, मला ठाऊक आहे काय चढलं होतं ते.

शेवटच्या दुपारी वन्सं उशाशी होत्या आणि मी पायाशी, कारण उशाशी बसलेलं तुम्हाला चालत नव्हतं. तापात तुम्ही डावा हात चाचपत होतात. पाण्याचा तांब्या हाताला लागला. तुम्ही त्याच्या तोंडावर डावा अंगठा दाबून धरलात, डोळे मिटलेत, आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललात.

"फिरव."

मी उठले. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी हवेत हात फिरवायला लागले, हँडल धरतात तसा, पाचही बोटं एका बाजूला ठेवून.

तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "आत दाबलंस न्हवं?"

ते मला लागलं. आजही लागतंय. पण विचारायचा तुम्हाला हक्क होता. मी म्हटलं, "व्हय. दाबलंय."

"पैला बरा हाय," तुम्ही म्हणालात. श्वास घ्यायला थांबलात. "दुसरा गेलाय."

वन्संनी मला डोळ्यांनी खूण केली, हो म्हण. कुणीही हो म्हटलं असतं. मी म्हटलं, "न्हाई. दुसरा बरा हाय. तिसरा गेलाय, व्हॉल्व्ह."

वन्सं मला तोंडावर म्हणाल्या की मरणाऱ्या माणसाशी वाद घालणारी बाई मी पहिल्यांदा बघते. गल्लीत तेच चाललंय. चालू दे. तुम्ही चुकत असताना मी तुम्हाला कधी हो म्हटलं नव्हतं. त्या दुपारी म्हटलं असतं तर तुम्हाला तिथंच कळलं असतं की तुम्ही चाललात. मला तुम्हाला ते कळू द्यायचं नव्हतं. मला तुम्ही भांडायला पाहिजे होतात. उठा, शिव्या द्या, तांब्या फेकून मारा, हँडल बोलत नसतं म्हणा. मी हात फिरवत उभी राहिले आणि वाट बघितली.

तुम्ही तांब्यावरचा अंगठा काढलात. डोळे उघडलेत. माझ्या हाताकडे बघितलंत, चेहऱ्याकडे नाही. मग म्हणालात, "मग तेल घालून बघ."

वन्संना वाटलं तापात बरळताय. त्यांनी घाईनं घरातलं गोडंतेल आणलं आणि तुमच्या टाळूवर थापलं. मला त्याही वेळी हसू आलं. ज्याला अंगठा न्हाय त्यानं तेल घालावं, हे तुम्ही कुणाला आणि कसं म्हणाला होतात ते त्यांना कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. दिवेलागणीच्या आधी तुम्ही गेलात, त्यानंतर काही बोलला नाहीत, आणि मला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं.

अण्णांची गाडी शेडमध्येच होती. तुमचे दिवस झाल्यावर दस्तगीरभाई ती मिरजेला न्यायला आला. मी म्हटलं, एक सकाळ थांबा. त्यानं इंजिन चालू करून तापवलं, थंड इंजिन खोटं बोलतं म्हणून. मग हँडल त्याला दिलं, आणि भोकावर अंगठा मी ठेवला. पहिल्यांदाच. दुसऱ्यानं माझा अंगठा असा उडवला की खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या, आणि चटका एवढा बसला की डोळ्यांतून पाणी आलं. चटका बसला म्हणून मी बोट झटकलं आणि तिथंच खाली बसले. दस्तगीरभाई म्हणाला, भाभी, भाजलं का? मी म्हटलं, भाजलं. हे तुम्हाला लागत नव्हतं. इतके दिवस ह्यातलं काहीच तुम्हाला लागत नव्हतं, आणि तुम्ही एकटेच डोळे मिटून तिथं उभे राहत होतात. त्या दिवशी मी तुमच्यासाठी रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते, तेही बायकांनी मोजलंय.

मग उठले आणि दस्तगीरभाईच्या मदतीनं काम पुरं केलं, सिलिंडर उघडून बिघडलेला तुकडा बदलला. गाडी आता चालवायला बरी झाली, असा दस्तगीरभाईनं अण्णांना निरोप दिला आहे. शेडचे पत्रे तापलेत, तिथं हँडल भिंतीला टेकून उभं आहे, आणि काढलेला जुना तुकडा इथं देवाच्या खोलीत माझ्यासमोर पाटावर आहे. कड जळून अर्धी खाल्ली गेलेली. वन्सं म्हणतात ही घाण देवाच्या खोलीत नको. मी म्हटलं, मिस्त्रींना दाखवायची आहे, मग टाकते.

अवं, ऐकलं का? दुसऱ्यात तेल घातलं, काही फरक नाही, तो आधीच बरा होता. तिसऱ्यात घातलं, तरी फुंकरच. तिसराच होता. व्हॉल्व्हच होता. आता बोला.